कंबोईच्या भरतीच्या वेळा छापाव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात पंचांगाच्या चौकटीखाली रोज मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा येतात. बडोद्यातल्या वाचकाला त्यांचा काहीच उपयोग नाही, उलट त्यांनी घोटाळा होतो. दसऱ्यापासून देवदिवाळीपर्यंत इथली कितीतरी माणसे मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन एका दिवसासाठी कावी-कंबोईचा किनारा बघायला जातात. समुद्र म्हटला की सगळीकडे एकच वेळ, अशी समजूत असते. प्रत्यक्षात भरती खंभातच्या आखाताच्या तोंडातून आत शिरून वरच्या टोकाशी पोहोचेपर्यंत काही तास जातात. मुंबईचे पाणी उतरू लागलेले असते तेव्हा कंबोईला ते अजून चढत असते. म्हणून विनंती अशी की, बडोदे आवृत्तीपुरत्या तरी मुंबईच्या जागी कंबोईच्या वेळा छापाव्यात. ही चौकट कशी असावी आणि ती नसल्याने काय बिघडते, हे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण यातला कोणताही भाग गाळण्यासारखा वाटला नाही.

कंबोई बडोद्याहून पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. अटलादऱ्यावरून पादरा, पुढे जंबुसर, तिथून कावी आणि कावीच्या पुढे थोड्याच अंतरावर कंबोई. गाडीने साधारण दोन तास. मही नदी जिथे आखाताला मिळते, त्या मुखाच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ अगदी पाण्याच्या कडेला असून त्यातले सुमारे चार फुटांचे शिवलिंग दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते आणि दोनदा उघडे पडते. तारकासुराच्या वधानंतर कार्तिकेयाने इथे लिंग स्थापिले, अशी कथा स्कंदपुराणाच्या कुमारिका खंडात आहे आणि मही-सागर संगमाचे माहात्म्यही तिथेच सांगितले आहे.

हे बघायला लोक सुट्टी पाहून निघतात. मुख्य चूक ती इथेच होते.

एक उदाहरण घेऊ. एखादे कुटुंब रविवारी दुपारी बारा वाजता तिथे होते आणि त्यांना लिंग पाण्याखाली जाताना दिसले. घरी येऊन त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले, ‘बाराच्या सुमारास जा, छान दिसते.’ शेजारी पुढच्या रविवारी बाराला पोहोचतात आणि समोर मैलभर चिखल बघून परत येतात. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येते, कारण चंद्राला त्याच जागी डोक्यावर यायला चोवीस तास पन्नास मिनिटे लागतात. सात दिवसांत हा फरक पावणेसहा तासांवर जातो. त्या रविवारी बारा वाजता असलेली भरती पुढच्या रविवारी संध्याकाळी पावणेसहाच्या पुढेमागे येते, तिच्या आधीची पहाटे साडेपाचच्या आत येऊन गेलेली असते आणि दुपारी बाराला जवळजवळ पूर्ण ओहोटी असते. दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, एवढे ध्यानात ठेवले तर ही फसगत होत नाही.

यात पंचांगाची चांगली मदत होते. एका पक्षात पंधरा तिथ्या, आणि त्या पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकून पुन्हा त्याच जागी येते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे, बरोबर दोन घटका. कोकणातले दर्यावर्दी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तोही साधारण हाच हिशेब आहे. त्यामुळे कोणत्याही एका ठिकाणी पौर्णिमेची भरती घड्याळात साधारण त्याच वेळेला येते आणि अमावास्येचीही त्याच वेळेला. कंबोईची पौर्णिमेची वेळ एकदा कळली की पंचमीला तीत चार तास मिळवावेत आणि दशमीला आठ. फक्त हा सरासरीचा हिशेब आहे, हे विसरू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास रोजचा फरक चाळीस मिनिटांच्या घरात असतो, तर अष्टमी उलटली की तो तासाच्या वर जातो. म्हणून अष्टमी-नवमीला तोंडी हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. दिवस ठरवायला तिथी पुरेशी आहे, पण घरून निघायची वेळ ठरवायला छापील आकडाच हवा.

तिथीवरून दुसरी गोष्ट कळते ती पाण्याची उंची. उधाण, म्हणजे मोठी भरती, पौर्णिमा-अमावास्येला आणि भांग, म्हणजे लहान भरती, अष्टमीच्या सुमारास, हे बहुतेकांना माहीत असते. पण सगळ्यांत मोठी भरती ऐन पौर्णिमेला किंवा अमावास्येला न येता पुढे एक-दोन दिवसांनी येते, हे मात्र फारसे कुणी लक्षात घेत नाही. शरद ऋतूत याला जास्त महत्त्व येते, कारण सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या संपाताजवळ, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास, येणारी उधाणे वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात. आपले सण त्यावर बसवून बघा. दसरा दशमीला, म्हणजे भांग नुकताच सरलेला असतो आणि पाणी मवाळ असते. कोजागरीनंतरचे दोन दिवस उधाणाचे. लक्ष्मीपूजन अमावास्येला, त्यामुळे पाडवा आणि भाऊबीज भर उधाणात. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर दसऱ्याची सुट्टी चांगली. समुद्राचा जोर बघायचा असेल तर पाडवा किंवा भाऊबीज, पण तेव्हा पायऱ्यांवरूनच बघावे.

या आखातात पाणी इतके का चढते? आखात दक्षिणेला रुंद आहे आणि उत्तरेकडे नरसाळ्यासारखे निमुळते आणि उथळ होत जाते. शिरलेल्या पाण्याला बाजूला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंचीत वाढते. शिवाय आखाताची लांबी-खोली अशी आहे की भरतीच्या लाटेला आत आणखी जोर मिळतो. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-पाच मीटर वरखाली होते, तर समोरच्या काठावरच्या भावनगरला हा फरक दहा मीटरपर्यंत जातो. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा आणि तापी एवढ्या नद्यांचा गाळ याच आखातात उतरतो आणि भरती-ओहोटीची ओढ त्याला तळाशी बसू देत नाही. म्हणून इथले पाणी निळे नसते, गढूळ तपकिरी असते. कोकणातला किंवा गोव्याचा किनारा मनात धरून येणाऱ्याची निराशा होते. इथले सौंदर्य वेगळ्या जातीचे आहे आणि ते ओळखायला थोडा वेळ बसून राहावे लागते. आपली विश्वामित्रीही पावागढहून निघून शहरातून वळणे घेत पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर याच किनाऱ्यावर येऊन संपते.

आता पाणी चढण्याचा वेग. ही चौकट मागण्याचे खरे कारण हेच आहे.

ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत सहा तास धरले, तर पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, अशी जगभरच्या खलाशांची ढोबळ रीत आहे. चढ नऊ मीटर धरला तर पहिल्या तासात पाऊण मीटर आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी सव्वादोन मीटर. म्हणजे मिनिटाला पावणेचार सेंटिमीटर. त्या वेगाने चार फूट उंची बुडायला अर्धा तास पुरतो आणि उभ्या माणसाच्या डोक्यावर पाणी जायला पाऊण तास. नदीच्या मुखाशी भरती सहा तासांपेक्षा कमी वेळात चढते आणि ओहोटी सावकाश उतरते, त्यामुळे खरा वेग याहून थोडा जास्तच असतो. पहिला तासभर पाणी जागचे हलत नाही असे वाटते आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून माणसे चिखलात लांबवर चालत जातात.

चिखलाला उतार अगदी कमी असतो. पाचशे फुटांमागे एक फूट उतार धरला तर मिनिटाला पावणेचार सेंटिमीटर चढणारे पाणी आडवे एकोणीस मीटर पुढे येते. कोरड्या रस्त्यावर माणूस मिनिटाला सत्तर-ऐंशी मीटर सहज चालतो, पण घोट्याएवढ्या चिखलात तो वेग राहत नाही आणि गुडघ्याएवढ्या चिखलात तर एकेक पाऊल ओढून काढावे लागते. त्याहून वाईट म्हणजे पाणी समोरून येत नाही. चिखलात ओहोटीच्या पाण्याने कोरलेले ओहळ असतात, काही कमरेएवढे खोल. भरती आधी त्या ओहळांतून आत शिरते. माणूस समुद्राकडे तोंड करून फोटो काढत असतो आणि मागचा ओहळ, जो तो येताना सहज ओलांडून आला, भरून वाहू लागलेला असतो. त्याचा आवाज येतो, बारीक सळसळ. ती कानावर आली की एक क्षणही न थांबता परत फिरावे. त्याहून बरे म्हणजे देवळाच्या पायऱ्या आणि ओटा सोडून खाली उतरूच नये. तिथून सगळे दिसते.

तरीही कुणी उतरलाच आणि रुतला, तर काय करावे हे माहीत असावे. वरून कोरडी दिसणारी, भेगा पडलेली साय पाय ठेवताच फुटते, खालचा गाळ हलवला की पातळ होतो आणि हलवणे थांबले की पुन्हा आवळतो. पाय सरळ वर उपसायला गेले की खाली पोकळी होते, ती पाय परत आत ओढते आणि दुसऱ्या पायावर सगळा भार येऊन तोही रुततो. म्हणून उपसायचे नाही. मागे रेलून बसावे, जमल्यास आडवे व्हावे, म्हणजे भार पसरतो. मग पाय घोट्यापासून हळूहळू गोल हलवावा, म्हणजे कडेने पाणी आत शिरते आणि पकड सुटते. चप्पल सोडून द्यावी. पाय मोकळा झाला की उभे न राहता गुडघ्या-कोपरांवर आल्या वाटेने परत यावे. सोबतच्याने जवळ धावत जाऊ नये, नाहीतर दोघे अडकतात. त्याने घट्ट जमिनीवरून ओढणी, टॉवेल, पट्टा, जे हाताशी असेल ते फेकावे आणि माणसे बोलवावीत. अशा ठिकाणी एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे. एकाने पक्षी बघावेत, दुसऱ्याने पाणी.

या किनाऱ्याचा हा स्वभाव आजचा नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने भरुचच्या बंदरात शिरताना भरतीने जहाजे कशी फेकली जात, हे लिहून ठेवले आहे. राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन बाहेर येत आणि भरतीचा हिशेब धरून जहाजे आत नेत, असाही उल्लेख त्यात आहे. अलीकडची गोष्ट १९३० सालच्या मार्चमधली. दांडीयात्रेत गांधीजींनी कंकापुऱ्याहून कारेलीला मही ओलांडली ती रात्री, भरतीची वेळ साधून, आणि दोन्ही काठांचा चिखल सत्याग्रहींनी पायी तुडवला. कारेली जंबुसर तालुक्यातच आहे. त्या तुकडीत साबरमती आश्रमातले मराठी गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. पुढे जंबुसरच्या मुक्कामी मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू गांधीजींना येऊन भेटले. कंबोईला जाताना जंबुसर गाव लागते, पण बहुतेक गाड्या बाहेरच्या बाहेर निघून जातात.

वाटेबद्दल. पाऊस उघडल्यावरच्या या महिना-दीड महिन्यात पादऱ्यापासून पुढचा रस्ता बघण्यासारखा असतो. पादऱ्याच्या आसपास भाजीपाल्याचे मळे आहेत. पुढे मही आणि नर्मदा यांच्यामधला काळ्या जमिनीचा कानम पट्टा लागतो. तिथे कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात आणि तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते. जंबुसर सोडल्यावर जमीन सपाट आणि खारट होत जाते, झाडे कमी होतात, वेडी बाभूळ वाढते आणि वाऱ्याला वास येऊ लागतो. ऑक्टोबरात दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास जातो आणि सावली नसते, म्हणून शक्य असेल तर नोव्हेंबर निवडावा. एसटी जंबुसरपर्यंत मिळते, पुढे रिक्षा ठरवावी लागते आणि ठरवतानाच परतीचे बोलून घ्यावे. कावीपर्यंत एके काळी नॅरोगेज गाडी जात असे. पेट्रोल जंबुसरला भरून घ्यावे. दुचाकीवर दोघे जाणार असाल तर येण्याजाण्याचे दीडशेच्या वर किलोमीटर होतात, हे मनात धरून निघावे आणि खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीची साखळी धुऊन तेल द्यावे. पादरा-जंबुसर रस्त्यावर टँकर आणि मालट्रक खूप असतात. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणजे सूर्यास्त बघून निघालेल्याला सगळा परतीचा प्रवास अंधारात करावा लागतो. एकाने जाताना आणि दुसऱ्याने येताना चालवावे. जोडून खंभातलाही जाऊन यावे, असा बेत काही जण करतात. त्यांनी लक्षात ठेवावे की पादरा तालुक्यातला महीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी कोसळला. जुन्या माहितीवर विसंबून तिकडे वळू नये, रस्ता आधी विचारून घ्यावा.

बरोबर काय घ्यावे? माणशी तीन लिटर पिण्याचे पाणी, कारण किनाऱ्याजवळचे भूजल खारे आहे. पाय धुवायला पाच लिटरचा वेगळा कॅन. हा चिखल वाळला की कातडी ओढली जाते आणि खाज सुटते. जुना टॉवेल आणि गाडीत पायाखाली घालायला रद्दी. मागे पट्टा असलेले सँडल घालावेत, साध्या चपला नकोत आणि बूट तर नकोतच. पायऱ्यांवर गाळाचा बुळबुळीत थर आणि शेवाळ असते, तिथे अनवाणी आणि कठड्याला धरून उतरावे. जेवणाची सोय गृहीत धरू नये. दुधातल्या दशम्या, लसणाची चटणी आणि शेंगदाण्याचा लाडू दिवसभर टिकतात. सेव-उसळ घरी आल्यावर खावी, डब्यात ती सांडते आणि उन्हात आंबते. पाण्यात आंघोळीला उतरू नये. ओढ तर आहेच, शिवाय बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेणारा कालवा याच तालुक्यात सरोदजवळ महीच्या मुखाशी संपतो. लहान मुलांनी ओंजळीत पाणी घेऊन खेळणेही टाळावे.

दिवसाचा क्रम भरतीवर बसवावा. कंबोईला पूर्ण भरतीच्या साडेतीन-चार तास आधी पोहोचले तर सगळे नीट जमते. दर्शन होते, मग वर येऊन पाणी चढताना बघता येते. भरती दुपारी असेल तर सकाळी थेट कंबोई आणि परतताना कावी. भरती संध्याकाळी असेल तर आधी कावी. कावीला दोन जैन मंदिरे आहेत, एक ऋषभदेवांचे आणि दुसरे धर्मनाथांचे, दोन्ही सोळाव्या शतकाच्या अखेरीची. लोक त्यांना सासू-वहूची देरासरे म्हणतात. सासूने बांधलेल्या देवळाचा दरवाजा ठेंगणा झाला असे सून म्हणाली, सासूने माहेरहून पैसा आणून उंच बांध असे सुनावले आणि सुनेने तसे केले, अशी कथा आहे. कातडी पट्टा, पाकीट आत नेऊ देत नाहीत, ते गाडीतच ठेवावे. दुपारच्या उन्हात दीड तास घालवायला या मंदिरांसारखी गार जागा या टापूत दुसरी नाही.

किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. फोटोसाठी पक्षी बघायचे असतील तर सकाळ चांगली, ऊन पाठीवर असते. संध्याकाळी सगळे उजेडाविरुद्ध जाते. ऑक्टोबरपासून थंडीचे पाहुणे उतरू लागतात, तुतवार, चिखले, कुरव, आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पूर्ण ओहोटीत ते दूर पाण्याच्या कडेला असतात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरतीच्या दोन तास आधी पाणी त्यांना ढकलत काठाकडे आणते. तेव्हा ओट्यावर निवांत बसावे, आपण हलायचे नाही, पक्षी आपोआप जवळ येतात.

आणि पायाखाली बघावे. पायऱ्यांच्या शेवटच्या टप्प्याखालच्या चिखलात निवट्या असतात, बोटाएवढे मासे, डोळे डोक्यावर आलेले. छातीच्या दोन परांवर रेटा देत ते चिखलावरून सरपटतात, मध्येच शेपटीच्या फटक्याने उडी मारतात आणि सावली पडली की बिळात जातात. पाण्याबाहेर असताना ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून त्यांचा श्वास चालतो, म्हणून ते मधूनमधून एका अंगावर लोळून कातडी ओली करून घेतात. शेजारी खेकड्यांनी चिखल चाळून टाकलेल्या मोहरीएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. भरतीच्या पहिल्या पाण्यात त्या विरघळतात आणि पुढच्या ओहोटीत नव्याने मांडल्या जातात. काठाने तिवरांची झुडपे दिसतात. त्यांच्या पानाच्या मागच्या बाजूला जीभ लावली तर खारट लागते, कारण मुळांतून आलेले जास्तीचे मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलातून वर आलेल्या बोटभर काड्या ही त्याची श्वसनमुळे आहेत, त्यांवर पाय देऊ नये. एवढे बघायला अर्धा तास लागतो आणि मुलांना देवळापेक्षा हेच जास्त आठवते.

आता चौकटीबद्दल. कंबोईच्या देवळात भरतीच्या वेळांचे पत्रक मिळते, पण ते तिथे पोहोचल्यावर. दिवस ठरवायचा असतो आठवडाभर आधी, तोही घरी. म्हणून शनिवारच्या अंकात पुढच्या आठ दिवसांची चौकट द्यावी. तीत वार, तारीख, तिथी, दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि प्रत्येकीची उंची मीटरमध्ये, एवढे पुरे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टके छापतो, भावनगरचे आकडे त्यांत असतात. कंबोई आखातात आणखी आत आहे, त्यामुळे तिथे भरती भावनगरच्या थोडी मागून येते. देवळातल्या पत्रकाशी महिनाभर ताडून बघितले की नेमका फरक हाती लागतो आणि तो मिळवून वेळा छापता येतात. तोपर्यंत नुसत्या भावनगरच्या वेळा ‘भावनगर’ असे स्पष्ट लिहून छापल्या तरी मुंबईपेक्षा कितीतरी उपयोगी पडतील.

छापताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. मध्यरात्रीनंतरची वेळ कोणत्या तारखेची, यात नेहमी गोंधळ होतो. ‘०.४०’ असे छापले की शनिवारी रात्री निघायचे की रविवारी, हे कळत नाही. म्हणून पहाटे, सकाळी, दुपारी, रात्री असे शब्द घालावेत. दुसरे, उंचीचा आकडा म्हणजे देवळापाशी तेवढे खोल पाणी, असा अर्थ वाचक लावतात. तो आकडा खोल ओहोटीच्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेला असतो आणि त्या दिवशी पाणी किती चढेल हे भरतीच्या आकड्यातून ओहोटीचा आकडा वजा केल्यावर कळते. चौकटीखाली ही एक ओळ कायम असावी. तिसरे, पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे तीन दिवस ठळक अक्षरांत द्यावेत. अमावास्येला, त्यातही शनी अमावास्येला, देवळात गर्दी असते आणि ऐन उधाणात पायऱ्यांवर धक्काबुक्की होते, हे वाचकाला आधीच कळलेले बरे. जोराचा वारा असेल तर पाणी छापील वेळेच्या थोडे आधी किंवा नंतर येते. म्हणून छापील भरतीच्या तीन तास आधी सगळ्यांनी ओट्यावर असावे, अशी सूचनाही हवी.

शेवटची विनंती यंदाच्या दिवाळीपुरती. दिवाळीत अंकाला सुट्टी असते, आणि मोठे उधाण व सर्वांत जास्त सहली नेमक्या त्याच दिवसांत येतात. तेव्हा धनत्रयोदशीच्या अंकातच भाऊबीजेनंतरच्या रविवारपर्यंतच्या सगळ्या वेळा एकत्र छापाव्यात, म्हणजे घरोघरी तो कागद कापून ठेवता येईल.

आपले नम्र,
काही वाचक,
दांडिया बाजार, बडोदे